न दिसलेल्याची जबाबदारी

मागच्या वर्षी तुळशीची लग्नं लागून माणसांची सुरू झाली, त्या आठवड्यातली गोष्ट. मावसभावाचं लग्न नातेपुत्यात होतं. मी पुण्याहून दोन दिवसांची सुट्टी काढून गेलो होतो. जेवणं, आहेर, फोटो सगळं उरकून आम्ही गावाकडे निघालो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. गाडी अण्णा चालवत होते, म्हणजे माझे वडील. मी त्यांच्या शेजारी डावीकडे आणि आई मागे, आहेराच्या पिशव्या सांभाळत. मोठा रस्ता सोडून आमच्या गावाकडे वळलं की नऊ किलोमीटरचा पट्टा आहे. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये दोन वस्त्या आणि दिवा एकही नाही. कडेची पांढरी रेघ कधीच मातीखाली गेली आहे.

समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. त्याचा एकच दिवा चालू होता आणि तो थेट डोळ्यांत मारत होता. ट्रॅक्टर मागे पडला आणि पुढच्या काही क्षणांत डावीकडून ‘ठण्ण’ असा आवाज आला. माझ्या बाजूचा आरसा आत दुमडला गेला.

अण्णांनी वेग थोडा कमी केला. म्हणाले, “काय लागलं रं? फांदी हुती का?”

“अण्णा, गाडी थांबवा. बाई होती.”

“बाई? कुठं बाई?”

मी मोबाइलचा उजेड लावून मागे पळत गेलो. बाई उभी होती. तिच्या पुढे पाच-सहा वर्षांची मुलगी, आईच्या पदराला धरून. रस्त्यावर स्टीलची कळशी पडली होती आणि पाणी डांबरावर पसरत चाललं होतं. गाडीचा आरसा तिच्या कमरेवरच्या कळशीला लागला होता, तिला नाही. कोपर थोडं खरचटलं होतं, तेवढंच. ऊसतोडीला बीडकडून आलेलं कुटुंब होतं. पुढे अर्ध्या किलोमीटरवर त्यांच्या कोप्या होत्या. वस्तीवरून पिण्याचं पाणी घेऊन ती परत निघाली होती. मी तीनतीनदा विचारलं, कुठे लागलं का, दवाखान्यात जाऊ या का. ती म्हणाली, “चुकी आमचीच हाये दादा. बॅटरी नव्हती आनली.”

एवढ्यात अण्णा मागून आले. त्यांनी कळशी उचलली, चेपलेल्या जागेवरून हात फिरवला आणि तिच्या हातात दिली. तिला नाही, मला म्हणाले, “खरंच दिसली नाही.”

अण्णा खोटं बोलत नव्हते. अडचण नेमकी तीच आहे. तेव्हापासून मी या एका वाक्याचा विचार करतो आहे. ‘दिसली नाही’ हे कारण आहे, सबब आहे, की कबुली?

*

घरी पोचल्यावर दोषाची वाटणी झाली. आई म्हणाली, देवानं राखलं. दुसऱ्या दिवशी चुलते आले, ते म्हणाले, रात्रीचं रस्त्यानं चालायचं तर हातात बॅटरी नको? शेजारच्यांनी ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घातल्या. कोणी ग्रामपंचायतीच्या दिव्यांचा विषय काढला. यातलं प्रत्येक बोलणं खरं होतं. आणि एवढ्या सगळ्या खऱ्या बोलण्यात अण्णांचं नाव कुठेच आलं नाही. माझंही नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज साधारण नव्वद. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सांगोल्याजवळ जुनोनी इथे कार्तिकी वारीला निघालेल्या दिंडीत कार घुसली आणि सात वारकरी गेले. त्या चालकाला काय दिसलं आणि काय नाही, याबद्दल मी बोलणार नाही. पण दिंडी म्हणजे पताका, टाळ, एकामागे एक चालणारी माणसं. कळशी घेतलेल्या एकट्या बाईपेक्षा कितीतरी ठळक. तरीही.

चालणाऱ्याने स्वतःला दिसेल असं ठेवावं, हा सल्ला चुकीचा नाही. फुटपाथ नसेल तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून चालावं. चकाकणारी पट्टी लावायची तर छातीपेक्षा घोट्यांवर आणि मनगटांवर लावावी. याचं कारण मजेशीर आहे. गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं की माणसाच्या सांध्यांवर फक्त प्रकाशाचे ठिपके लावले आणि बाकी सगळं अंधारात ठेवलं, तरी तो चालू लागताक्षणी पाहणाऱ्याला ‘माणूस’ ओळखू येतो. छातीवरची पट्टी एखाद्या खांबाचीही असू शकते, हलणारे घोटे माणसाचेच असतात. आमच्याकडचे साखर कारखाने हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा काढतात. चालणाऱ्या बायांना कोणी पट्ट्या वाटल्याचं मी आमच्या भागात पाहिलेलं नाही. वाटायला हव्यात.

पण सल्ला उपयोगाचा असणं वेगळं आणि जबाबदारी त्या माणसाची असणं वेगळं. घराला कुलूप लावावं हे शहाणपण आहे. कुलूप नव्हतं म्हणून चोरी घरमालकाने केली असं होत नाही. कळशी घेऊन चालणारी बाई रस्त्यावर कोणालाही मारू शकत नाही. आमची गाडी मारू शकते. रस्त्यावर धोका आम्ही आणला होता, तिने नाही. तिच्याकडे बॅटरी नव्हती ही तिची अडचण होती आणि आमच्याकडे पुरेशी नजर नव्हती हा आमचा दोष होता. पण त्या रस्त्यावर माफी मागितली तिने.

*

मी इंजिनीअर आहे. मनाला काही लागलं की मी आधी त्याची यंत्रणा शोधतो, तशी डोळ्याची शोधली.

वीस वर्षांच्या माणसाच्या तुलनेत साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. अंधारात बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि आतलं भिंग पिवळसर, गढूळ होत जातं. मोतीबिंदू असेल तर समोरच्या गाडीचा प्रकाश त्या भिंगात विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढरा पडदा आल्यासारखा होतो. प्रकाश निघून गेल्यावर नजर पुन्हा जुळायलाही जास्त वेळ लागतो. म्हणजे ट्रॅक्टर गेल्यानंतरच्या त्या काही क्षणांत अण्णांसमोर रस्ता होता, पण बाई नव्हती.

याहून जास्त विचारात पाडणारी गोष्ट पुढे सापडली. हर्शेल लिबोविट्झ आणि आल्फ्रेड ओवेन्स या दोन संशोधकांनी १९७७ मध्ये रात्रीच्या अपघातांबद्दल एक विचार मांडला. आपलं पाहणं दोन प्रकारचं असतं. एका प्रकाराने समोर काय आहे ते ओळखतो, दुसऱ्याने स्वतःला वाट दाखवतो. उजेड कमी झाला की पहिलं पाहणं झपाट्याने बिघडतं, दुसरं जवळजवळ तसंच राहतं. त्यामुळे अंधारातही गाडी सरळ जाते, वळणं नीट घेतली जातात, हात अडखळत नाही. चालक त्यावरून समजतो की आपल्याला नीट दिसतंय. रस्ता दिसतो, म्हणून रस्त्यावरचं सगळं दिसतं असं वाटतं. जे दिसलं नाही ते काही ‘मी राहिलो’ म्हणून सांगायला येत नाही.

आता आपला कायदा काय विचारतो ते पाहा. वाहन परवान्यासाठी फॉर्म १ हा स्वतःच्या प्रकृतीबद्दलचा जाहीरनामा असतो. त्यात एक प्रश्न असा आहे की २५ मीटरवरची नंबरप्लेट तुम्हाला ओळखता येते का, आणि तीही दिवसाच्या चांगल्या उजेडात. रात्रीसाठी प्रश्न एकच, तुम्हाला रातांधळेपणा आहे का? उत्तर आपलं आपणच द्यायचं. चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांपुढे परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो. कागदावर हे ठीकच आहे. पण ज्याला न दिसणं जाणवतच नाही त्याला ‘तुम्हाला दिसत नाही का’ विचारून उपयोग काय? अण्णांनी तिथे ‘नाही’ लिहिलं तेव्हाही ते खोटं बोलले नव्हते.

*

इथे मला एक जुना निबंध आठवला. विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये लिहिलेला, ‘विश्वासाचं नीतिशास्त्र’ असं ज्याचं मराठी करता येईल तो. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्तीची गरज असावी, अशी शंका त्याच्या मनात येते. मग तो स्वतःला समजावतो की या जहाजाने इतके प्रवास केले, इतकी वादळं सोसली, याही वेळी पोचेल. हळूहळू त्याला मनापासून तसं वाटू लागतं. जहाज निघतं आणि भर समुद्रात बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो माणूस दोषी आहे. त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य, पण समोर जो पुरावा होता त्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला अधिकार नव्हता. आणि मग तो आणखी एक पाऊल पुढे जातो. समजा जहाज सुखरूप पोचलं असतं, तर? तरीही तो तेवढाच दोषी असता. फक्त ते उघडकीला आलं नसतं.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा झाली तेव्हा त्यांचा सत्कार झाला, छातीवर लावायचा बिल्ला मिळाला. तो बिल्ला आमच्या घरात देव्हाऱ्याखालच्या खणात असतो. घाट, पाऊस, यात्रेच्या जादा गाड्या, रात्रपाळ्या, या सगळ्यांतून त्यांनी हजारो माणसं घरी पोचवली. आम्हा मुलांना त्यांच्या गाडीत भीती अशी कधी वाटली नाही. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या नव्या ड्रायव्हरांना ते एकच नियम सांगायचे, “जेवढं दिसतंय तेवढंच पळवायचं.”

तो बिल्ला खोटा नाही. पण तो कशाचा पुरावा आहे? आमच्या क्षेत्रात एड्सगर डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाचा एक विचार नवख्यांनाही ठाऊक असतो. चाचण्यांमधून प्रोग्रॅममधले दोष आहेत हे दाखवता येतं, दोष नाहीतच हे दाखवता येत नाही. शिवाय अण्णांच्या सगळ्या चाचण्या एका वेगळ्या डोळ्यावर झाल्या होत्या. पंचवीस वर्षं ज्या डोळ्यांनी गाडी चालवली ते डोळे आता त्यांच्याकडे नव्हते. बिल्ला मात्र तोच होता.

उलट बाजूचा पुरावाही घरात पडून होता. ट्यूबलाइटखाली पेपर वाचणं त्यांनी सोडलं होतं, सकाळी अंगणात खुर्ची टाकून वाचायचे. ‘हल्ली लाइटी लई मारतात’ असं प्रत्येक प्रवासात म्हणायचे. यात तथ्य होतंच, नव्या गाड्यांचे पांढरेशुभ्र दिवे आणि डिपर न देणारी माणसं कोणालाही आंधळं करतात. पण त्यामुळे आपल्या डोळ्यांबद्दलची तक्रार दुसऱ्याच्या दिव्यांवर घालायची सोय झाली. दिवाळीत अंगणात गाडी लावताना तुळशी वृंदावनाचा कोपरा उडाला, तेव्हा सगळे हसलो. हे सगळं अण्णांना माहीत होतं. आईला माहीत होतं. मलाही माहीत होतं. क्लिफर्डचा जहाजमालक पैशाच्या लोभाने स्वतःला समजावत होता. आमच्या घरात लोभ नव्हता, अभिमान होता, आणि त्या अभिमानाबद्दलचं प्रेम. कळशीला त्याने काही फरक पडला नाही.

*

वीतभर. कळशी आणि तिची कंबर यांत एवढंच अंतर होतं. किंवा ती मुलगी पुढे न चालता आईच्या उजव्या हाताला चालत असती तर.

बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये ‘नैतिक नशीब’ या कल्पनेबद्दल लिहिताना एका ट्रकचालकाचं उदाहरण घेतलं होतं. त्याचा काही दोष नसताना मूल त्याच्या चाकाखाली येतं. बाकीचे लोक त्याला सांगतील की तुझी चूक नव्हती, आणि ते बरोबरच असेल. पण त्याने ते लगेच मान्य करून टाकलं, तर आपल्याला त्याच्याबद्दल काहीतरी खटकेल. बघ्याला होतं तेवढंच दुःख त्याला होऊन चालणार नाही. हे त्याच्या हातून घडलेलं आहे.

अण्णांच्या हातून काय घडलं? एक कळशी चेपली. तेच गाडी चालवणं, तीच नजर, तोच वेग, आणि वीतभर इकडेतिकडे झालं असतं तर पोलीस, कोर्ट, पेपरात बातमी आणि बीडकडच्या एका गावात आई नसलेली मुलगी. क्लिफर्ड म्हणेल, दोष दोन्हीकडे सारखाच. विल्यम्स म्हणेल, तरीही दोन आयुष्यं सारखी राहत नाहीत. मला दोघांचंही पटतं, आणि दोघांना एकत्र धरलं की एक साधी गोष्ट हाती लागते. थोडक्यात हुकलेला अपघात हा अपघातच धरायचा. फक्त त्याची किंमत कोणी भरायच्या आधी आपल्याला कळलेला.

विल्यम्सच्या त्या लेखाच्या वर्षीच अमेरिकेत नासाने वैमानिकांकडून अशा हुकलेल्या अपघातांच्या नोंदी गोळा करायची एक व्यवस्था सुरू केली. नाव गुप्त राहतं, हेतू शिक्षेचा नाही, शिकण्याचा असतो. रस्त्यावर आपल्याकडे उलट आहे. हुकलेला अपघात म्हणजे देवाची कृपा. नारळ फोडला की संपलं.

*

दुसऱ्या दिवशी मी वहीत एक गणित मांडलं. अण्णांना दाखवायला म्हणून.

गाडी डिपरवर असताना गडद कपड्यांतला माणूस निरोगी डोळ्याला ५० मीटरवर दिसतो असं धरू. अण्णांच्या डोळ्यांना ३० मीटरवर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अण्णांना दोन सेकंद, मला दीड. रस्ता कोरडा, ब्रेक चांगले. अण्णा ताशी ५० ने चालले होते. दोन सेकंदांत २८ मीटर जातात, ब्रेक लागल्यावर आणखी १४. एकूण ४२. दिसतं ३० वर. बारा मीटर कमी पडतात. त्या बारा मीटरमध्ये जो कोणी असेल तो अण्णांच्या कौशल्यावर नाही, नशिबावर जगतो.

मग मी माझं मांडलं. मी या रस्त्याने रात्री ताशी ८० ने जातो. दीड सेकंदात ३३ मीटर, ब्रेक लागल्यावर ३५. एकूण ६८-६९. मला दिसतं ५० वर. मला एकोणीस मीटर कमी पडतात.

मी आकडे दोनदा तपासले. अठ्ठावीस वर्षांचा, चष्मा नसलेला मी, अडुसष्ट वर्षांच्या, नजर गेलेल्या वडिलांपेक्षा त्या बाईसाठी जास्त धोकादायक होतो. अण्णांना ४० च्या आसपास थांबायला हवं होतं, मला ६५ च्या आत. दोघांनीही आपल्या नजरेपेक्षा जास्त वेग उचलला होता, म्हणजे एक प्रकारे उधारीवर गाडी चालवली होती. म्हातारपणाने अण्णांची पत कमी झाली होती एवढंच. मी माझी तरुणपणाची पत संपवून वर कर्ज काढलं होतं. ‘म्हाताऱ्या लोकांनी गाडी चालवू नये’ असं मनात ठरवून मी वही उघडली होती. बंद केली तेव्हा त्या वाक्यातून ‘म्हाताऱ्या’ हा शब्द गेला होता. त्या जागी अण्णांचाच जुना नियम आला होता, जेवढं दिसतंय तेवढंच पळवायचं.

आणि एक गोष्ट मी वहीत लिहिली नाही.

मला ती दिसली होती.

ट्रॅक्टर मागे पडल्यावर माझे डोळे आधी जुळले. दिव्याच्या कडेला एक पदर, त्याच्यापुढे काहीतरी लहान हलणारं, आणि कळशीवरची चमक. टक्कर व्हायच्या साधारण दोन सेकंद आधी. दोन सेकंदांत ‘अण्णा, बाई’ एवढं म्हणून होतं. मी म्हणालो नाही. अण्णांना दिसली असेलच असं वाटलं, हे एक. पण त्याच्याही आधी, लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट आड आली. अण्णा गाडी चालवत असताना त्यांना सांगायचं नसतं. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा झालेल्या माणसाला डावीकडे बघा म्हणून कोण सांगणार? माझ्या आदराने त्यांचा मान राखला आणि त्याचे पैसे दुसऱ्याच कोणाकडून घेतले.

म्हणून त्या रात्री ‘दिसली नाही’ हे वाक्य अण्णांच्या तोंडी खरं होतं. माझ्याकडे तर तेवढीही सबब नव्हती.

*

त्या संध्याकाळी मी बाजारातून नवी कळशी आणली आणि कोप्यांकडे चालत निघालो. मुद्दाम, बॅटरी न घेता. दोन किलोमीटर. चालताना एक विचित्र गोष्ट जाणवली. समोरून गाडी आली की तिचा झोत अंगावर पडायच्या कितीतरी आधी ती मला दिसायची. एवढी मोठी, एवढी लखलखीत की तिलाही मी दिसत असणारच अशी खात्री वाटायची. ती खात्री चुकीची आहे हे वाचून माहीत होतं, तरी वाटायची. गाडीतला माणूस समजतो मला सगळं दिसतंय आणि रस्त्यावरचा समजतो मी त्याला दिसतोय. दोघंही आपापल्या जागी निर्धास्त. तिसऱ्या गाडीने मला शेवटच्या क्षणी उजवीकडे वळून चुकवलं. मी रस्ता सोडून उसाच्या बांधावर उतरलो.

बाईने कळशी घेतली. जुनीही ठेवली, म्हणाली पाणी गळत न्हाई तिच्यातनं. मी तिला म्हणालो, काल चूक तुमची नव्हती, आमची होती. तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. म्हणाली, “तसं नसतं दादा. गाडी मोठी आसती.”

मला वाटतं, आपल्याकडच्या रस्त्यांचा सगळा नियम तिने एका वाक्यात सांगितला. मोठ्याला दिसत नसेल तर लहानाने दिसायला शिकावं.

*

आता उरला किल्लीचा प्रश्न. मुलाने बापाच्या हातून गाडीची किल्ली घ्यावी का?

पुण्यात बसून ‘हो’ म्हणणं सोपं आहे. मोबाइलवर बोट फिरवलं की रिक्षा येते. आमच्या गावातून संध्याकाळी सहानंतर तालुक्याला एसटी नाही. आईचा रक्तदाब रात्री वाढला तर गाडी अण्णांनाच काढावी लागते. आणि ज्याने जन्मभर दुसऱ्यांना पोचवलं, त्याला ‘आता तुम्हाला आम्ही पोचवू’ म्हणणं हे फक्त सोयीचं बोलणं नाही. जपानमध्ये १९९८ पासून वयस्क माणसांना परवाना स्वतःहून परत करता येतो. बदल्यात त्यांना वाहन चालवल्याचं प्रमाणपत्र मिळतं. २०१९ मध्ये टोकियोत ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची लहान मुलगी गेली, त्या वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी परवाने परत केले. मला ते प्रमाणपत्र महत्त्वाचं वाटतं. काढून घेणं आणि परत करणं यांत तेवढाच फरक आहे. पण परत करणाऱ्यासाठी बस हवी. शेवटची एसटी बंद असलेल्या गावात म्हाताऱ्याची नजर हा एकट्या म्हाताऱ्याचा प्रश्न राहत नाही.

परत निघायच्या आदल्या रात्री मी अण्णांना गणित दाखवलं. त्यांनी वही दूर धरून पाहिली आणि बाजूला ठेवली. आकड्यांनी त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. मग मी म्हणालो, “अण्णा, मला ती दिसली होती. आधीच. मी बोललो नाही.”

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “का नाही बोललास?”

“तुम्हाला चालत नाही म्हणून.”

“आरं, एसटीत कंडक्टरनं शिंगल बेल दिली की मी कधी इचारलं न्हाई का दिली म्हणून. आधी गाडी हुबी करायची. मग इचारायचं.”

जानेवारीत त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मार्चमध्ये डाव्या. आता बरंच दिसतं, पण बाहुली पूर्वीसारखी होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं आहे. दिवस मावळल्यावर गाडी काढायची नाही, असं अण्णांनी स्वतःच ठरवलं. त्याला ते ‘दिवसपाळी’ म्हणतात. अगदी अडीनडीलाच काढायची, चाळीसच्या वर न्यायची नाही आणि शेजारी कोणीतरी बसलंच पाहिजे.

मे महिन्यात मी त्यांना पुण्याला घेऊन येत होतो. फलटण मागे टाकलं तेव्हा अंधार पडला होता. रस्ता मोकळा होता आणि काटा ऐंशीवर गेला होता. शेजारून अण्णांनी डॅशबोर्डवर बोटाने एकदाच वाजवलं.

टिंग.

मी विचारलं नाही का म्हणून. पाय उचलला.